मुठीखालचं नरसाळं

वेंडेल टीगने फॉर्मवरच्या ‘नापास होण्याचं कारण’ या रकान्यात एकच शब्द लिहिला, ‘हात’, आणि पॅड आईपुढे धरलं. आईने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, वाचलं आणि खाली सही केली. रोंडा केसिंजर. तिची सही नेहमी देखणी असते. वाढदिवसाच्या केकवर नाव लिहिताना शेवटचं अक्षर ती जसं अलगद उचलून घेते, तसंच कागदावरही घेते. मला वाटलं, आता ती काहीतरी बोलेल. ती म्हणाली, "पेन छान आहे रे तुझं, वेंडेल." मी काचेच्या अलीकडे उभी होते, आवाज अडवणारे कप कानांवरून गळ्यात उतरवून. अजून राग आला नव्हता. राग नंतर आला, गाडीत, आणि मग दोन आठवडे गेला नाही.

घडलं होतं ते एवढंच. डेटन शहराच्या पूर्वेला, टायरचं दुकान आणि दातांचा दवाखाना यांच्या मधे नेमबाजीची एक बंदिस्त जागा आहे. तिथे दर मार्चमध्ये आमच्या चर्चच्या सुरक्षा तुकडीची परीक्षा होते. नऊ माणसं आहेत. रविवारी ती कोटाखाली पिस्तूल आणि कानात इअरपीस घालून दारांवर उभी असतात, हसून दार उघडतात, म्हाताऱ्यांना हात देतात आणि पार्किंगमध्ये कोण उगाच घुटमळतंय त्याच्यावर डोळा ठेवतात. उत्तरेचं दार अकरा वर्षं माझ्या वडिलांचं होतं. ते गेले तेव्हा पास्टरनी आईला विचारलं, काय करू तुझ्यासाठी, आणि तिने दुसरं काही न मागता ते दार मागितलं. वडिलांचंच पिस्तूल, वडिलांचंच दार. या गोष्टीला चार वर्षं झाली. नेम तिचा तुकडीत सगळ्यांत चांगला, वेंडेलपेक्षाही, आणि हे वेंडेलला माहीत आहे. तुकडीचा प्रमुख म्हणून यंदा त्याने परीक्षेत नवीन भाग घातला: अडकलेलं पिस्तूल मोकळं करणं. नळीत आधीच नारिंगी प्लास्टिकचं एक खोटं काडतूस, आणि मॅगझिनमधून, म्हणजे मुठीत बसणाऱ्या काडतुसांच्या पेटीतून, वर आलेलं दुसरं त्याच्या बुडाशी डोकं खुपसून बसलेलं. चाप ओढला तर काहीच होत नाही. मग वरची सरकणारी स्लाइड मागे ओढून अडकवायची, मॅगझिन उपटून काढायचं, स्लाइड दोन-तीनदा मागेपुढे करून पोट रिकामं करायचं, मॅगझिन परत घालायचं, काडतूस चढवायचं आणि चाप. बारा सेकंद. आईची स्लाइड पहिल्याच झटक्यात मागे अडकली. मग तिने मॅगझिनला हात घातला, आणि तिथेच थांबली. बोटं धरायला जात होती आणि सुटत होती. बारा झाले, वीस झाले. मागचे सात जण, जे एरवी कुणाच्याही फजितीवर काहीतरी बोलतात, ते आपापल्या बुटांकडे बघायला लागले.

"राहू दे, रोंडा," वेंडेल म्हणाला. आवाज मऊ होता. मला तो मऊपणाच सहन झाला नाही. त्याने स्वतःच्या कमरेचं पिस्तूल काढलं, रिकामं केलं, तीच दोन नारिंगी काडतुसं त्यात तशीच अडकवली, आणि सात सेकंदांत मोकळं करून दाखवलं. "बघ, काही नाही यात. पकड लागते फक्त. आणि पकड जाते गं वयाबरोबर. आमची मार्गी आता लोणच्याची बरणी उघडायला माझ्याकडे आणून देते." मार्गी त्याची बायको. मागचे हसले. आईही हसली. "दोन आठवड्यांनी परत घेऊ. तोवर इअरपीस माझ्याकडे राहू दे. आणि नाहीच जमलं, तर कॉफीच्या टेबलावर माणूस हवंच आहे. तुझ्यासारखे बन कुणाला जमतात?"

त्याने स्वतःचं पिस्तूल वापरलं. हे मला तिथेच, त्या क्षणी दिसलं, आणि मी बोलले नाही. मी मापनाच्या प्रयोगशाळेत काम करते. कारखान्यांची मोजमापाची हत्यारं आमच्याकडे तपासायला येतात, आणि दिवसभर मी हेच बघते की मोजणारा चुकला की मोजायचं हत्यार. हात बदलला आणि हत्यारही बदललं, तर निकाल कशाचा? कॉलेजातल्या पहिल्या वर्षाच्या मुलालाही हा प्रश्न पडेल. वेंडेल टीगला पडला नाही. त्याने दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि दोष बाईच्या हातांना दिला.

गाडीत आई खिडकीबाहेर बघत होती. कडेला मळकं बर्फ उरलेलं होतं, मीठ आणि धूळ चिकटलेलं. मग ती म्हणाली, "खोटं नाही बोलला तो." मी म्हटलं, "आई, तू आठवड्याचे पाच दिवस, दिवसाचे आठ तास घट्ट क्रीमची पिशवी पिळतेस. त्याला वीस मिनिटं पिळून दाखव म्हणावं." ती म्हणाली, "अंगठा दुखतोच की माझा. सकाळी वाकत नाही." "दुखणं वेगळं, ताकद वेगळी." "तुझं सगळं वेगवेगळंच असतं, ब्रिन," ती म्हणाली, आणि मांडीवरचे हात तिने पर्सखाली घेतले. एवढीशी हालचाल. पण मी सव्वीस वर्षांत आईला हात लपवताना पाहिलेलं नाही. ती हातांनीच बोलते. सुपरमार्केटच्या बेकरीत काउंटरमागे तिचं डोकं खाली असतं आणि गिऱ्हाइकांना फक्त तिचे हात दिसतात. लहान मुलं काचेला नाक लावून ते हात बघत उभी राहतात. लहानपणी शाळेतून मला परस्पर तिथे सोडत, आणि मीही तशीच बघत असे, पिशवीच्या टोकाच्या चकचकीत नळीतून गुलाब कसा बाहेर येतो ते. एकदा मी विचारलं होतं, नळी गोल आहे तर पाकळी चपटी कशी येते? तिने नळी काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, तोंड बघ. तोंड एका बाजूने चिमटलेलं होतं. मला वाटतं मी शास्त्राकडे वळले ती तिथून, कॉलेजातून नव्हे. आणि त्याच बाईने आज एका कागदावर, ‘हात’ या शब्दाखाली, आपलं नाव लिहून दिलं होतं.

वडील असते तर काय म्हणाले असते ते मला माहीत होतं. ते कारखान्यात साचे बनवायचे, कारखाना बंद पडेपर्यंत. घरात कुणी तावातावाने बोलायला लागलं की त्यांचं एकच असायचं: "आधी मोज, मग भांड." आईला याचा वैताग यायचा. "भांडण थंड झाल्यावर काय चव राहते, गिल?" ती विचारायची. मी मात्र त्यांची मुलगी. सोमवारी कामावरून येताना मी आईकडून पिस्तूल घेऊन आले, खोट्या काडतुसांची डबी घेऊन आले, आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुना टॉवेल अंथरून बसले. खरं काडतूस एकही खोलीत नाही हे दोनदा तपासलं. मोबाइलवर घड्याळ लावलं. वहीत दोन रकाने आखले आणि वर तारीख टाकली. आणि मग पिस्तूल उलटं करून, मुठीच्या तळाकडे पहिल्यांदा नीट पाहिलं, आणि तिथे ते होतं. नरसाळं.

ते नरसाळं मी बसवलेलं होतं.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं, पण जसं आपल्या घराच्या दाराचा रंग माहीत असतो तसं. मी शनिवारच्या नेमबाजीच्या सामन्यांत भाग घेते. घड्याळाविरुद्ध धावत, वळत, मॅगझिन बदलत गोळ्या झाडायच्या, असले सामने. तिथे प्रत्येकाच्या पिस्तुलाला काही ना काही लावलेलं असतं. मुठीच्या तळाशी ॲल्युमिनियमचं पसरट नरसाळं, म्हणजे घाईत घातलेलं मॅगझिन कडेला न आपटता आपोआप आत जातं. स्लाइड अडकवायची कळ लांब केलेली. वरती नेम धरायला लाल ठिपक्याची काच. आम्ही सामन्यानंतर गाड्यांच्या टपावर बर्गर ठेवून या वस्तूंबद्दल बोलतो, तासन् तास, पोटच्या पोरांबद्दल बोलावं तसं. या हिवाळ्याच्या सुरुवातीला आईचा अंगठा फार आखडला, मॅगझिन मुठीत घालताना तिचा नेम चुकायला लागला, आणि मी ख्रिसमसला तिला नरसाळं आणि लांब कळ अशी दोन्ही भेट दिली. स्वतः बसवली. तिचं मॅगझिन बदलणं चार सेकंदांवरून अडीचवर आलं. हेही मी मोजलं होतं, आणि त्या संध्याकाळी फार खूष होते. पण माझ्या स्वतःच्या पिस्तुलावर नरसाळ्याबरोबर आणखी एक वस्तू आहे: मॅगझिनच्या बुडाला लावलेला जाड ठोकळा, जो नरसाळ्याच्या खाली बोटभर बाहेर येतो. तो मी आईला दिला नव्हता. कोटाखाली फुगवटा दिसला असता, आणि चर्चमध्ये काहीही दिसता कामा नये हा तुकडीचा पहिला नियम आहे. म्हणून मी जोडीतली अर्धी वस्तू दिली. नरसाळ्याच्या कडेने मॅगझिनचं बूड पार आत गिळलं होतं. मी जाडी मोजायचं कॅलिपर लावलं. नरसाळं नसताना धरायला नऊ मिलिमीटर कड मिळते. नरसाळं असताना दोन.

दोन मिलिमीटर. एका डॉलरच्या नाण्याची जाडी, बस.

माझा राग त्या क्षणी कमी व्हायला हवा होता. झालं उलटंच. मी अधिकच चिडले, वेंडेलवर. कारण आता माझ्याकडे पुरावा होता, आणि पुरावा हातात असलेल्या माणसाला आपल्या रागाची लाज वाटत नाही. मी रोज संध्याकाळी कामावरून आल्यावर प्रयोग केले. नरसाळ्यासह चाळीस वेळा, नरसाळ्याविना चाळीस वेळा, क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवलेला, म्हणजे सरावाचा फायदा एकाच बाजूला जायला नको. आईचा अंगठा आखडतो म्हणून मी माझ्या अंगठ्याला आइस्क्रीमची काडी बांधून घेतली. मॅगझिनचं बूड ओढायला किती जोर लागतो ते सामान तोलायच्या काट्याने पाहिलं. अडकलेल्या पिस्तुलात वरचं काडतूस अर्धं मॅगझिनच्या ओठांत आणि अर्धं नळीच्या तोंडाशी रुतलेलं असतं. म्हणून मॅगझिन सोडायचं बटण दाबलं तरी मॅगझिन आपसूक खाली पडत नाही, ते ओढूनच काढावं लागतं, आणि ओढायला धरावं लागतं. नरसाळ्याविना माझी मधली वेळ सात सेकंदांच्या आत आली; बारा ओलांडले फक्त दोनदा. नरसाळ्यासह बाराच्या आसपास, आणि चाळिसांतल्या सतरा वेळा मी नापास. सव्वीस वर्षांची, दुखणं नसलेली मी. लांब कळ मात्र खरोखर उपयोगी होती. ती नसती तर आखडलेल्या अंगठ्याने स्लाइड मागे अडकलीच नसती. तिचाही एक तोटा सापडला: माझा अंगठा सवयीने तिच्यावर टेकत होता आणि पिस्तूल रिकामं झाल्यावर स्लाइड मागे थांबायची ती कधीकधी थांबत नव्हती. हेही मी लिहिलं. जे दिसलं ते सगळं लिहायचं, असं आम्हाला शिकवलंय. इंटरनेटवर लोक या वस्तूंवरून वर्षानुवर्षं भांडतात, सगळंच चांगलं किंवा सगळंच थोतांड, आणि कुणी चाळीस वेळा करून बघत नाही. प्रत्येक वस्तू एका कामासाठी घडवलेली असते आणि त्या कामात ती सरस असते. अडचण ही की पिस्तूल अडकतं तेव्हा त्याला आपण कोणत्या कामासाठी सजवलं होतं हे ते विचारत नाही.

शनिवारी मी सगळं दोन पानांत टाइप केलं, तक्ता घातला आणि वेंडेलला पाठवलं. भाषा शांत ठेवली. निष्कर्ष: परीक्षार्थीच्या हातांबद्दल या परीक्षेवरून काहीही म्हणता येत नाही. पानाच्या वरच्या बाजूला पिस्तुलाचं वर्णन होतं, त्यात मी लिहिलं, ‘मुठीला बाजारात मिळणारं नरसाळं जोडलेलं आहे.’ कुणी जोडलं ते लिहिलं नाही. ते मोजमापात येत नाही, असं मी स्वतःला सांगितलं.

रविवारी आई कॉफीच्या टेबलामागे होती. आमचं चर्च पूर्वी गालिच्यांचं मोठं दुकान होतं. पुढच्या दालनात अजूनही पायाखाली सात-आठ रंगांचे चौकोन आहेत, नमुन्याचे, आणि ज्याच्या त्याच्या उभं राहायच्या जागा त्या रंगांवरून ठरलेल्या आहेत. वडील आणि नंतर आई, उत्तरेच्या दाराशी, गडद हिरव्यावर. आज हिरव्यावर वेंडेलचा भाचा उभा होता आणि मोबाइल बघत होता. आईने बन नेहमीपेक्षा जास्त आणले होते आणि प्रत्येकाला नाव घेऊन देत होती. लोक तिला म्हणत होते, अरे, आज इकडे? आणि ती म्हणत होती, बढती मिळाली. प्रत्येकाला तेच, त्याच हसण्यासकट. मी मोजलं. अकरा वेळा.

वेंडेलला मी कोटांच्या रांगेजवळ गाठलं. मी लहान असताना तो मला चर्चच्या रविवारच्या वर्गात शिकवायला होता, त्यामुळे आजही मी त्याला मिस्टर टीगच म्हणते, आणि तो मला आजही सात वर्षांची समजतो.

"वाचलंत का, मिस्टर टीग?"

"वाचलं की. मार्गीलाही दाखवलं. म्हटलं बघ, पोरीने केवढा अभ्यास केलाय." त्याने बनचा तुकडा तोंडात टाकला. "पण मला एक सांग, तुमच्या त्या सामन्यांत सगळेच लावतात ना हे नरसाळं? जिंकणारेसुद्धा?"

"त्यांच्या मॅगझिनला खाली ठोकळा असतो. धरायला जागा असते. शिवाय सामन्यात पिस्तूल अडकलं तर गुण जातात, जीव जात नाही."

"बरं. मग तू आणि तुझी काडी बांधलेला अंगठा. आईच्या हातांनी कुठे केलंस?"

हे बरोबर होतं. आईच्या हातांनी मी एकदाही केलं नव्हतं. मी तिच्या हातांची बाजू लढवत होते आणि ते हात मी प्रयोगात घेतलेच नव्हते.

"तुम्ही तरी तिच्या पिस्तुलाने कुठे केलंत?" मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं, खाणं थांबवून. "मला गरज काय पडली?" मग खांदा थोपटला. "राग आलाय तुला. येऊ दे. गिललाही असाच यायचा, मग तो कागद घेऊन यायचा. शनिवारी ये. पण ब्रिन, एक लक्षात घे. कुणी खरंच आत शिरलं तर त्याला तक्ता दाखवता येणार नाही."

टाळ्या मिळतील असं वाक्य. जवळच्या दोघांनी माना हलवल्या. मी पार्किंगमध्ये जाऊन गाडीत बसले आणि स्टिअरिंगवर हात ठेवून ते वाक्य पुन्हा पुन्हा उलटसुलट केलं. माझं सगळं म्हणणं तेच तर होतं. खरंच कुणी आत शिरलं तर. मी काय नावासाठी भांडत होते? ख्रिसमसपासून मार्चपर्यंत तेरा रविवार आई त्या दारात उभी होती, कमरेला असं पिस्तूल लावून, जे एकदा अडकलं असतं तर वीस सेकंदांतही मोकळं झालं नसतं. तेरा रविवार मी मागच्या रांगेत निवांत बसून गाणी म्हणत होते. या विचाराने मला घाम फुटला, मार्चच्या थंडीत, हीटर बंद असताना. आणि तरी, खरं सांगायचं तर, त्यानंतरही डोक्यात जे वाक्य तयार होत होतं त्याचा कर्ता वेंडेलच होता. त्याने बघायला हवं होतं. तो तुकडीचा प्रमुख. त्याने पिस्तूल तपासायला हवं होतं.

गुरुवारी मी तिचं पिस्तूल घेऊन आईकडे गेले, तिच्यासमोर नरसाळं काढायला. ती भांडी आवरत होती. मी स्क्रू सोडायला घेतला तर ती म्हणाली, "असू दे की. छान दिसतं." मी म्हटलं, "आई, तेच अडवतंय तुला. माझ्याकडे आकडे आहेत." ती म्हणाली, "मला माहीत आहे." मला वाटलं ती माझ्या आकड्यांबद्दल बोलतेय. मग तिने हात पुसले आणि उजवा तळवा माझ्यासमोर दिव्याखाली धरला. अंगठ्याच्या मुळाशी, मांसल भागावर, वाटाण्याएवढा काळपट डाग होता, जुना, कडेने सुकत आलेला. "जानेवारीत चिमटलं. मॅगझिन खालून ठोकायला गेले तर हात त्या पत्र्यावरच बसतो, मॅगझिनवर बसतच नाही. दोनदा तर ते अर्धंच आत राहिलं होतं. आणि काढायला तर येतच नाही. घरी करून पाहिलं होतं मी, वेंडेलच्या आधीच."

"मग बोलली का नाहीस?"

"तू दिलेलं होतंस." तिने असं सांगितलं जसं वेळ सांगावी. "एवढ्या हौसेने बसवलंस, घड्याळ लावून दाखवलंस. म्हटलं, शिकेन मी. तू रोज वापरतेस, तुला येतं, म्हणजे मलाच येत नसणार."

मी स्क्रू सोडवत राहिले. हाताला काम होतं म्हणून बरं. वेंडेलने जो शब्द लिहिला तो त्याच्याही आधी तिच्या मनात लिहून झालेला होता, आणि तो लिहायला कारण मी होते. वेंडेल नंतर आला. त्याने फक्त कागद पुढे केला. नरसाळं सुटून टेबलावर पडलं, छोटं, चकचकीत, एका बाजूला गोल घरंगळत, आणि आईने ते सवयीने उचललं, तोंडाकडून डोळ्यासमोर धरून पाहिलं, पिशवीची नळी बघतात तसं. "काम छान केलंय याचं," ती म्हणाली. "कडा बघ किती साफ आहेत." मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. मला राग आला, आणि तो कुठे ठेवावा ते कळेना.

शनिवारी टायरच्या दुकानात कुणीतरी सारखं नट कसत होतं, भिंतीतून घरघर येत होती. तुकडीतले पाच-सहा जण आले होते, उगाचच, बघायला. मी वेंडेलला म्हटलं, "आईच्या आधी एक मागणं आहे. नरसाळं मी परत बसवते. तुम्ही तिच्या पिस्तुलाने एकदा करा. तुमचे हात, तिचं पिस्तूल. एकच गोष्ट बदलू."

"मला काय, करतो की," तो म्हणाला. त्याचा हा एक गुण मला मान्य करावा लागतो, तो मागे हटला नाही. नारिंगी काडतुसं अडकवली. मी घड्याळ दाबलं. स्लाइड त्याने सहज मागे घेतली. मग त्याची बोटं, आईच्या बोटांच्या दीडपट जाड, नरसाळ्याच्या कडेशी गेली आणि तिथे फिरायला लागली, अंधारात बटण शोधावं तशी. जाड बोटांना दोन मिलिमीटर आणखीच कमी पडतात, हे माझ्या तक्त्यात नव्हतं. त्याने नखाने धरलं, सुटलं. पिस्तूल झटकलं. शेवटी दातओठ खाऊन ओढलं तेव्हा बावीस सेकंद झाले होते, आणि त्याने हात झटकून बोट तोंडात घातलं. मागे कुणीतरी हळूच म्हणालं, "मार्गीला बोलवा रे, बरणी आहे." या वेळी हसले ते सगळे मोकळे हसले. मला आनंद व्हायला हवा होता, मी याची दोन आठवडे वाट पाहिली होती.

वेंडेल हसला नाही. पिस्तूल उलटं करून बघत राहिला. मग वर न बघता म्हणाला, "हे असलं खूळ बसवलं कुणी?"

"गिलने," आई म्हणाली. लगेच, सहज, एक क्षणही न घालवता. "त्याला हौस होती ना असल्या गोष्टींची."

वेंडेलने मान हलवली. "त्याला शोभत नाही. तो असं करणारा नव्हता." पण मेलेल्या माणसावर चिडता येत नाही, आणि मला दिसत होतं की गोष्ट तिथे मिटतेय. सगळ्यांच्या सोयीने मिटतेय. आईच्या हातांचा दोष गेला, माझा आलाच नाही, आणि जो उत्तर देऊ शकत नाही त्याच्या नावावर तो जमा होतोय. ज्याने जन्मात मोजल्याशिवाय एक भोक पाडलं नाही त्याच्या. आई माझ्याकडे बघत नव्हती. ती कोटाची बाही नीट करत होती.

"वडिलांनी नाही," मी म्हटलं. "मी बसवलं. ख्रिसमसला. अर्धीच जोडी दिली आणि एकदाही अडकवून पाहिलं नाही."

भिंतीपलीकडे नट कसणं चालू होतं. वेंडेल माझ्याकडे बघत राहिला, आणि मला वाटलं आता तो तक्त्याबद्दल काहीतरी बोलेल. मी त्याच्या जागी असते तर बोलले असते. तो म्हणाला, "काढ ते," आणि माझ्या हातात पिस्तूल दिलं.

मी काढलं. आईने ओळीवर उभं राहून खांदे सैल केले. चाप, काही नाही. लांब कळ, स्लाइड मागे. तिचा हात मुठीखाली गेला, चार बोटांनी बूड धरलं आणि मॅगझिन खाली ओढून काढलं, दुकानात पिशवी रिकामी झाली की काढतात तसं, न बघता. नारिंगी काडतुसं जमिनीवर उडाली. मॅगझिन परत आत, खालून तळव्याचा ठोका, या वेळी मॅगझिनवरच. स्लाइड. चाप. नऊ पूर्णांक एक सेकंद. 

"पास," वेंडेल म्हणाला, खिशातून इअरपीस काढून तिच्या तळहातावर ठेवलं आणि नवीन फॉर्मवर खूण केली. सगळे कोट घ्यायला वळले. मी हलले नाही.

"मिस्टर टीग, तो जुना फॉर्म."

"आता तो कशाला? पास झाली ना ती."

"त्यावर ‘हात’ लिहिलंय. खाली तिची सही आहे."

"फायलीत पडून राहील, पोरी. कोण बघतंय?"

"मी बघितलंय," मी म्हटलं. "तिने बघितलंय." माझा आवाज मला नको होता तेवढा चढला होता, आणि मी तो खाली आणला नाही. आई दाराशी थांबली होती, बाहीत एक हात घातलेली, दुसरा बाहेर. वेंडेलने सुस्कारा टाकला, पॅडखालून जुना कागद काढला, ‘हात’वर एक आडवी रेघ मारली. मग थोडा थांबला, काय लिहावं ते न सुचल्यासारखा, आणि ते छान पेन माझ्यापुढे धरलं. "तूच लिही. तुला नेमकं लागतं ना सगळं."

रकाना लहान होता. मी लिहिलं: नरसाळं, मुलीने बसवलेलं. तारीख टाकली आणि सही केली, आईच्या सहीच्या शेजारी.

आई परत आली होती. तिने चष्मा डोळ्यांवर घेतला आणि वाकून वाचलं, सावकाश, दोन्ही सह्यांसकट. तिचा उजवा हात माझ्या पाठीवर होता, आणि कोटाच्या कापडातूनही मला कळत होतं की त्यात केवढा जोर आहे.

"अक्षर मात्र," ती म्हणाली, "बापाचंच घेतलंस."